उताण्या गड्यावर हात

जालना
१२ नोव्हेंबर २००८

तीर्थस्वरूप तातेरावमामांच्या पायाशी भाचा कडूबाचे दंडवत.

पत्रास कारण की, फोनवर तुम्ही नुसतं "बोल" म्हणालात तरी मी "काही न्हाई" म्हणून ठेवून देतो. गुडघा कसा आहे? वडीगोद्रीच्या तालमीतली माती यंदा बदलली का? म्हैस व्याली का? (आधी गुडघ्याचं कळवा.) इकडे मी खुशाल आहे, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्रही खिडकीच्या कट्ट्यावर उभ्यानं लिहितोय, म्हणून अक्षर असं. (आधीही असंच होतं, पण तेव्हा कारण नव्हतं.)

औरंगाबादच्या माझ्या हौशी लढतीबद्दल लोकांनी तुम्हाला अर्धवटच सांगितलं असणार. कुस्ती, बुक्की, लाथ, सगळं चालतं असा हा खेळ. आखाडा नाही, जाळीचा पिंजरा, नि खाली रबर. म्हणून मी तालमीतली माती पुडीत बांधून नेली आणि सलामीला रीतीप्रमाणे समोरच्या गड्याच्या खांद्याला लावली. तो ओरडत पंचाकडे पळाला. पंचानं पुडी हुंगली, दुसऱ्या पंचानं हुंगली, मग डॉक्टरला बोलावलं. (आपल्या मातीत हळद, ताक, तेल मुरलेलं असतं हे त्यांना कोण सांगणार? डॉक्टरला चार शिंका आल्या नि चौकशी संपली.) लढत लागली तशी मी धोबीपछाड मारली. पाठ टेकली, दोन्ही खांदे टेकले, बिलकुल चीतपट! मी उठलो, हात वर केले, जाळीशी जाऊन लोकांना नमस्कार केला आणि फेटा कोण बांधतंय ते बघत होतो, तेवढ्यात मागून कमरेत लाथ बसली. इथे पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही, मामा! बद्रीनाथनं (हा माझा इथला मॅनेजर, जिमवाला) दहा वेळा बजावलं होतं, पण बारा वर्षांची सवय. त्या गड्याला मी चार वेळा चीत केलं आणि चारही वेळा नमस्काराला गेलो. शेवटी पडून पडून तोच दमला नि मी गुणांवर जिंकलो.

आता बद्रीनाथनं मला व्यावसायिक केलंय. पहिली लढत तीस तारखेला, मुंबईत. नाव ठेवलंय 'जालन्याचा जल्लाद'. मोंढ्याजवळ माझा डोळे वटारलेला फ्लेक्स लागलाय. (फोटो काढताना डोळ्यात कचरा गेला होता.) आई बाजाराला आली ती फ्लेक्स बघून रडतच खोलीवर आली, म्हणे पोलिसांनी लावलाय का? गंमत राहू द्या. हौशी लढतीत खाली पडलेल्याच्या तोंडावर मारायला बंदी होती. व्यावसायिक लढतीत तेच करायचं असतं. गड्याला पाडायचं, छातीवर बसायचं आणि पंच ओढून काढेपर्यंत तोंडावर बुक्क्या घालायच्या. सरावाला बद्रीनाथनं भुशाचं पोतं आडवं टाकलं, ते मी फोडून काढलं. मग त्यानं दुसऱ्या पोत्याला स्वतःचा जुना सदरा घातला, नि माझा हात वरचा वरच राहिला. बद्रीनाथ भडकला, "मंग काय त्याची पूजा करून राह्यलास का?"

मामा, तालमीत पहिल्या दिवशी तुम्ही मारुतीसमोर माझ्या हातात माती देऊन वदवून घेतलं होतं, "उताण्या गड्यावर हात टाकायचा न्हाई. टाकला तर ह्या मातीत पाय ठेवायचा न्हाई." तेव्हापासून मी झोपलेल्या डासालासुद्धा उठवून मारतो. मामींना नमस्कार.

तुमचा,
कडूबा

ता. क. : तुम्ही शपथ घातलीत, तुम्हीच सोडवा. मारुतीला नारळ फोडा आणि 'कडूबा मोकळा' एवढंच लिहून जल्दी पाठवा. बद्रीनाथ म्हणतो, वस्तादाची चिठ्ठी आली की हात आपोआप चालेल.

आणखी एक : वरचं सगळं मी बद्रीनाथला वाचून दाखवलं, तो 'बराबर लिहिलं' म्हणाला आणि चहाला गेला. मामा, नाही म्हणा. मार खायची मला भीती नाही, पण सदरा घातलेल्या पोत्यावर हात उगारला तेव्हा मला माझीच लाज वाटली. मीच नको म्हणालो तर अख्खं जालना म्हणेल जल्लाद घाबरला. तुम्ही नाही म्हणालात तर तो वस्तादाचा शब्द, त्यापुढे कोणी बोलत नाही. अक्षर मोठं काढा, बद्रीनाथचा चष्मा फुटलाय. आणि माझ्या पुडीतली माती पंचांनी हुंगून संपवली, तेव्हा नकाराच्या पाकिटात चिमूटभर घालून पाठवा.