निळ्या उकुलेलेची पारख

नेहरू नगर, भोपाळ
८ जानेवारी २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचायला तू तयार नाहीस, म्हणून सरळ कागद घेतला. माझं प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण डाव्या हाताची मूठ अजून वळत नाही. फिजियोवाल्या मॅडम म्हणतात, बोटं रोज हलती ठेवा, नाहीतर अशीच आखडून राहतील. त्यांनी दिलेला रबरी चेंडू चार दिवस दाबला, पाचव्या दिवशी तो सोफ्याखाली गेला आणि मी काढलाच नाही.

परवा सतार घेऊन बसले. तार दाबली तर कळ थेट कोपरापर्यंत. मींड सोडच, साधा रे धड लागेना. रडू आलं, तेही सुनेसमोर. सुप्रिया चहा ठेवून गेली. संध्याकाळी म्हणाली, आई, उकुलेले बघायचं का? म्हणजे गिटारचं धाकटं भावंड. चारच तारा, त्याही नायलॉनच्या, मऊ. शिकणाऱ्यासाठीचं दोन हजारांच्या आत मिळतं.

तू ग्वाल्हेरात किती जणांना सतारी निवडून दिल्यास. खरं सांग, एवढ्या स्वस्तात वाद्य येतं की खेळणं? हसू नकोस. बोटं अशीच राहिली तर पुढची वर्षं मी कशात घालवू, हा प्रश्न आहे.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी
अलका


ग्वाल्हेर
१५ जानेवारी २०२४

चि. सौ. अलकास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रागच आला. माझ्याकडे सतार शिकलेल्या बाईने टिणटिण वाजवायची! तुझ्या वहिनीने पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं आणि मोठ्याने, शेजाऱ्यांनाही कळेल असं सांगितलं की अलकाने परवानगी मागितलेली नाही, पारख विचारली आहे. रत्नप्रभेपुढे माझं काही चालत नाही, तुला माहीतच आहे.

तर ऐक. ते वाद्य मी पाहिलेलं नाही, पण तार, दांडीवरचा पडदा आणि लाकूड यांचं नातं सगळीकडे सारखंच. रंग नि पिशवी पाहून भुलू नकोस. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा. एकेका पडद्यावर तार दाबून छेड. खरखर झाली की ठेवून दे. गिटारचं भावंड आहे म्हणतेस, तर बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात मिळायला हवा. तो खोटा निघाला तर ते वाद्य जन्मभर बेसूर राहील. तारा उतरल्या म्हणून मात्र दुकानदाराशी भांडू नकोस. नवं नायलॉन आठवडाभर ताणतच राहतं.

मी स्वतः आलो असतो, पण येऊन करू काय? कानात यंत्र घातलं की माणसं कळतात, सूर मात्र पत्र्यावर खिळे ओतल्यासारखे येतात. म्हणून तर दोन वर्षं शिकवण्या बंद आहेत. तेव्हा कान तुझेच वापर. आणि तार दाबायला किती जोर लागतो, ते तुझ्या बोटांना विचार.

तब्येतीस जप. चेंडू सोफ्याखालून काढ.

तुझा
दादा


नेहरू नगर, भोपाळ
२९ जानेवारी २०२४

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घेतलं! २१ तारखेच्या रविवारी सुप्रियाला घेऊन न्यू मार्केटकडे गेले. पहिलं लाकडी रंगाचं, दिसायला देखणं, पण तिसऱ्या पडद्यावर खरखरलं. दुसऱ्याचा बारावा पडदा चक्क पाव सूर चढा. मी दांडी डोळ्याला लावून बघायला लागले तेव्हा दुकानदार सुप्रियाला विचारत होता की आंटीजी कुठल्या कारखान्यातून रिटायर झाल्या. शेवटी कोपऱ्यातलं निळं काढलं. रंग असा की घरात कुणी बादलीही त्या रंगाची आणणार नाही. पण दांडी सरळ, बारावा पडदा बरोबर, आवाज लहान आणि गोड.

दोषही सांगते. पहिले सहा दिवस दर पाच मिनिटांनी खुंट्या पिळत होते. बाराव्याच्या पुढच्या पडद्यांवर जरा चढं बोलतं. आणि सगळ्यात वरची तार खर्जाची नाही, ती उंच सुराची, त्यामुळे माझा हात सारखा फसतो. पण दादा, एका बोटाने अलगद दाबलं तरी सूर येतो. सतारीला लागायचा त्याच्या चौथाईही जोर नाही. तर्जनी आणि मधलं बोट चालतंय. अनामिका अजून तारेपर्यंत पोचते आणि निसटते.

तू ये. ऐकू आलं नाही तरी ये. वहिनींनाही आण, सुप्रियाने त्यांच्यासाठी लोणचं राखून ठेवलं आहे.

वाट पाहायला लावू नकोस, एवढाच हट्ट.

तुझी
अलका


ग्वाल्हेर
११ मार्च २०२४

चि. सौ. अलकास,
अ. उ. आ.

भोपाळहून काल सुखरूप पोचलो. लोणच्याची बरणीही न सांडता आली.

त्या दुपारी तू वाजवायला बसलीस आणि मी यंत्र काढून खिशात टाकलं. तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. अपमान करायचा नव्हता. तुझं वाजवणं मला फाटकं ऐकायचं नव्हतं. मग तू माझा तळहात त्या निळ्या पाठीवर ठेवलास. एकेक सूर हाताला वेगळा कळत होता. दोन वर्षांत एवढंही मला कुणाकडून मिळालं नव्हतं, कारण मी कुणाला जवळ बसूच दिलं नाही.

पारख विचारली होतीस, ती लिहून देतो. लाकूड प्लायचं, तारांखालची घोडी साधारण, खुंट्या बऱ्या. मैफलीत नेण्याचं वाद्य नव्हे. पण शिकणाऱ्याने जरूर घ्यावं. मी टिणटिण म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

आणि तुझ्याबद्दल. इतकी वर्षं शिकवलं, पण तुला कधी छान म्हटल्याचं आठवत नाही. माझे कान नेहमी चूकच शोधत असायचे. त्या दुपारी कान नव्हतेच, म्हणून तुझा हात पाहिला. अनामिका तारेवर टेकली आणि तिथेच राहिली. अलका, छान वाजवलंस.

आमच्या गल्लीतली अदिती, बँकेत नोकरी करते ती, सतार शिकवा म्हणून कधीची मागे लागली आहे. तिला आज हो म्हणालो. मला ऐकू येत नाही हे तिला माहीत आहे. बोटं मी पाहीन, सूर लागला की नाही ते तिने मला सांगायचं, असं ठरलं आहे.

सुप्रियास आशीर्वाद. आठवड्याला एक पत्र येत राहू दे.

तुझा
दादा