खटका

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र उशीखाली सारू नकोस. चार वर्षांत मी तुला कामापुरतंच कळवत आले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घराची कागदपत्रं पोचली, बाळाचा फोटो मिळाला, नाक आपल्याकडचं आहे. सगळं दोन-दोन ओळींत. हे पत्र लांबणार आहे. मध्येच सोडलंस तर अर्धवट कळेल, आणि अर्धवट कळण्यानं आधीच पुष्कळ नुकसान झालंय. म्हणून बस कुठेतरी आणि शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. डोळे इतके साफ झालेत की मी घासलेल्या भांड्यावरचा डाग तिला दारातून दिसतो, आणि ती तो मला दाखवल्याशिवाय राहत नाही. म्हणजे, राहायची नाही. परवापासून ती माझ्याशी बोलत नाहीये. चहा करते, माझ्यासमोर ठेवते, आत जाते. भांडण नाही, आदळआपट नाही. असं ती आपल्यापैकी कुणाशीच कधी वागली नव्हती, त्यामुळे मला घरात कुठे उभं राहावं ते कळत नाही. कारण पुढे येईल.

मी कारखान्यात लागले हे तुला ठाऊक आहे, तिथे काय करते ते मी कधी सांगितलं नाही. फर्निचरचा कारखाना, आणि मी तपासणी खात्यात. वस्तू मोडणं हे माझं काम. घडीच्या खुर्चीची बिजागरी यंत्राला लावायची, यंत्र ती उघडतं-मिटतं, उघडतं-मिटतं, आणि कितव्या खेपेला ती तुटली ते मी लिहून ठेवते. सगळे मला मोडतोडबाई म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातात कुणी आपला डबा देत नाही, असा तिथला विनोद आहे. मी हसते. हे काम मी मागून घेतलं, हे त्यांना माहीत नाही.

परवा कपाट आवरताना बाबांचा निळा डगला सापडला, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतला. कोपरावर ग्रीसचे डाग अजून तसेच. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तुला आठवतं, आपण खोक्याची लिफ्ट करून मांजरीला गॅलरीतून खाली सोडलं होतं? सुतळी, दोन रिळं, आणि तुझी ती ऐटबाज घंटी. आई ओरडली, पण बाबांनी खोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि आपल्याला एवढंच विचारलं, "सुतळी तुटली तर मांजरीचं काय होतं?" पुढे आपण काहीही बनवलं, आईचं बरणीचं झाकण उघडायचं यंत्र असो की तुझा तो स्वतःच बंद होणारा दिवा, त्यांचा प्रश्न तोच. चालतं कसं हे ते कधी विचारायचेच नाहीत. तुटलं तर काय होतं, ते सांगा.

मग त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. चौघांनी मिळून त्यांना चोपन्न पायऱ्या खाली नेलं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. वर आल्यावर म्हणाले, "पोत्यासारखं... नको." त्यानंतर अडीच वर्षं खिडकी. आपण खुर्ची करायला घेतली ती 'पोत्यासारखं' या एका शब्दासाठी. कंपनी वगैरे सगळं नंतर आलं. पहिली खुर्ची लाकडाची आणि सायकलच्या साखळीची, दुसरी लोखंडी, आणि तिसरी ती, जिला तू खेचर म्हणायचास, कारण मनात नसेल तर ती पायरी सोडायची नाही. मोटार, साखळी, तोल तुझ्याकडे. बारीकसारीक भाग माझ्याकडे. गॅरेजमधली ती दोन वर्षं, दादा, मी आयुष्यात तेवढी आनंदात कधीच नव्हते. वाळूची पोती बांधून आपण खेचराला त्या जिन्यावरून किती वेळा उतरवलं! शेजारच्या काकू म्हणायच्या, माणसं देवाला जातात, ही दोघं पोत्यांना फिरायला नेतात.

खटक्याचा आग्रह बाबांचा होता. साखळी घसरली, मोटार बंद पडली, तर अंगठ्याएवढा एक तुकडा दातेरी चाकात अडकून खुर्ची जागच्या जागी धरणार. वर जाताना तो आड येऊ नये म्हणून उचलून धरायला मुठीपाशी सायकलच्या ब्रेकसारखी पट्टी तू बसवलीस. खटक्याचा आकार जुळतो का ते पाहायला मी आधी तो थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकमध्ये छापून घेतला आणि लोखंडासारखा दिसावा म्हणून राखाडी रंग दिला. पोत्यांच्या सगळ्या खेपा त्याच्यावर झाल्या. तो कधी तुटला नाही, कारण साखळी कधी घसरलीच नाही. त्याच्यावर एकदाही भार आला नव्हता. आज हे मला पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

पोलादी खटका आला तो पाहुण्यांच्या आदल्या दुपारी. दवाखान्याची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचे दोघं सकाळी अकराला येणार होते, आणि त्यांना खुर्ची उतरताना बघायची होती. मी खटका बसवायला घेतला, तर भोक लहान. वर्कशॉपात टर्नरमामांकडे पळाले. ते म्हणाले, "याला पाणी देऊन कडक केलंय गं, आता ड्रिल चालायचं नाही. परवा ये, घासून देतो." मी परत आले. तू खेचराखाली आडवा पडला होतास, फक्त पाय दिसत होते. तिथूनच विचारलंस, "खटका आला?" मी म्हणाले, आला. "बसवला?"

मी म्हणाले, बसवला.

का म्हणाले, ते मी चार वर्षं स्वतःला विचारतेय. तू दमला होतास. भेट पुढे ढकलली असतीस, तुझा तो स्वभावच. आणि मला वाटलं, उद्या पोतंच तर उतरवायचंय, परवा मामा घासून देतील, कुणाला कळणारही नाही. एवढंच. यामागे मोठं काही नव्हतं, आणि तेच मला सहन होत नाही.

सकाळी बाबांनी हट्ट धरला. "पोतं काय... सांगणार? मी बसतो." आईनं त्यांना कॉलरचा शर्ट घातला, कामावरचे बूट घातले. तू किती खूश होतास. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात पाहुणे आले. जिन्याच्या तोंडाशी बाबांनी मला डाव्या हातानं जवळ बोलावलं आणि विचारलं, "खटका... कुठला?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "पोलादी, बाबा." त्यांनी माझा गाल थोपटला.

पहिला जिना खेचर शहाण्यासारखं उतरलं. दुसऱ्या मजल्यावर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी राजासारखा हात उंचावला. पुढच्या जिन्याला, पाचव्या पायरीवर, साखळी खडखडली. त्यानंतरचा आवाज तू ऐकला नसशील, तुझ्यापर्यंत साखळीचाच आवाज येत असेल. मी खाली, चाकाच्या बाजूला होते. पेन्सिल मोडावी तसा आवाज झाला. मग सगळं वजन तुझ्यावर आलं. तू मूठ सोडली नाहीस, दादा. तीन पायऱ्या गुडघ्यांवर फरपटत गेलास आणि मुठीचं रबर निघून तुझ्या हातात राहिलं. मी हे पाहिलंय. मी पाहिलंय हे मी कुणालाही सांगितलं नाही.

तू आणि आई बाबांबरोबर दवाखान्यात गेलात. मी म्हणाले, घराला कुलूप लावून येते. कुलूप नंतर लावलं. आधी जिन्यात बसून खेचराचं झाकण उघडलं, खटक्याचे दोन्ही तुकडे काढले आणि पोलादी खटका बारीक बोल्ट घालून, नुसता दिसण्यापुरता, तिथे बसवला. आयुष्यात इतकं सफाईदार काम मी कधी केलं नसेल. बाबा तिसऱ्या दिवशी गेले. तोवर तपास अधिकारी येऊन खुर्ची बघून गेले होते.

त्यांनी तुला आपल्या स्वयंपाकघरात बसवून विचारलं. खटका धड आहे, पोलादी आहे, मग अडकला का नाही? गडबडीत पट्टी दाबली गेली असेल का? तू तुझ्या उजव्या हाताकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "असेल. दाबलीच असेल." आणि सही केलीस. मी तुझ्या मागे पाण्याचा पेला घेऊन उभी होते. पाणी तुला दिलं.

त्यानंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. तू हत्यारं टर्नरमामांना देऊन टाकलीस तेव्हा वाटलं, आता सांगावंच लागेल. तू ती तिकीटखिडकीतली नोकरी धरून दूर गेलास तेव्हा, लाज वाटते लिहायला, मला सुटल्यासारखं झालं. जेवणाच्या टेबलावर तू समोर नसायचास. आईला मी सांगायची, त्याला थोडा वेळ दे. तुझ्या दुःखाचा मी माझ्या सोयीसाठी वापर करून घेतला.

गेल्या महिन्यात मी कारखान्यात तोच खटका पुन्हा प्लॅस्टिकमध्ये छापला, तोच आकार, तीच जाडी, आणि यंत्राला लावला. बाबांचं आणि खेचराचं मिळून जेवढं वजन होतं, त्याच्या निम्म्यालाही तो टिकला नाही. सात छापले, सातही मोडले. आणि दादा, आता हे नीट वाच. तू पट्टी दाबली असतीस तर खटका चाकातून वर उचलला गेला असता आणि अख्खा राहिला असता. तो मोडला. म्हणजे तो चाकात होता. म्हणजे पट्टी दाबलेली नव्हती. तुझ्या हातानं काहीही चुकीचं केलेलं नाही. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. ते दोन तुकडे मी चार वर्षं जपून ठेवले होते. कोणीही पाहिलं तरी हेच सांगेल.

सोमवारी तपास कचेरीत जाऊन मी जबाब दिला. आधीचे अधिकारी निवृत्त झालेत. नव्या बाईंनी मला तीनदा विचारलं की हे मी स्वखुशीनं लिहून देतेय ना. खुशी हा शब्द ऐकून मला हसू आलं, त्यांना ते आवडलं नाही. तुकडे त्यांनी लिफाफ्यात घालून माझी सही घेतली. पुढे काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नोकरी बहुधा जाईल. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं गॅस बंद केला, खुर्चीवर बसली, बराच वेळ पदराचं टोक दुमडत-उलगडत राहिली. मग म्हणाली, "त्याला कळवलंस?" मी नाही म्हणाले. "मग आधी त्याला कळव," म्हणाली आणि आत गेली. तेच तिचं शेवटचं बोलणं.

आता इतकी वर्षं गेल्यावर आजच का, असं तुला वाटेल. माझा धीर आपोआप वाढला असं समजू नकोस. मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला होता. तुला सांगायचं नाही म्हणाली. आधी हसत होती, की नवे बाप घाबरतातच. मग सांगितलं की पाच महिने झाले, तू मुलीला एकदाही उचललेलं नाहीस. दिली तर हात पाठीमागे घेतोस. जिन्यात ती कडेवर असेल तर तू भिंतीला चिकटून उभा राहतोस. एकदा वहिनी दुकानात गेली, परत आली तर बाळ पाळण्यात रडून लालबुंद झालेलं, आणि तू शेजारी उभा, हात काखेत दाबून, तिच्याशी नुसता बोलत, तूही रडत. तिनं विचारलं तर म्हणालास, "माझ्या हातांचा भरवसा नाही." दादा, बाबांना मी मारलं, आणि ते तुझ्या हातांवर ढकललं. मला माफ करू नकोस, उत्तर नाही आलं तरी मी समजेन. पण ती मुलगी तुझ्या हातांची वाट बघतेय आणि तिचा यात काही दोष नाही. हा कागद खाली ठेव. आत जा. तिला उचल.

तुझीच,
धाकटी