नवव्या पावलावरचा दोरा

वाटणी लिहिण्याआधी, घडले ते क्रमाने:

१. परसात आईने बांधून घेतलेले तळे आहे. लांबी साडेतीन मीटर, रुंदी दोन, खोली गुडघाभर. त्यात सतरा सोनेरी मासे होते.

२. राखी बगळा सकाळी येऊन मासे उचलू लागला. मी काठापासून ३० सेंटिमीटरवर खुंट्या ठोकून गळाचा पारदर्शक दोरा दोन उंचींवर ताणला: १५ आणि ३५ सेंटिमीटर. बगळा चालत पाण्यात उतरतो. न दिसणारे काही पायाला अडले की मागे फिरतो.

३. आईला काचबिंदूमुळे फार थोडे दिसत असे. मागच्या दारापासून अकराव्या पावलाला दोरा, हे तिने मोजून पाठ केले होते. ती दहाव्याला थांबे.

४. बगळा दोऱ्याबाहेर उभा राहून मान लांबवू लागला. ८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी दोरा ७० सेंटिमीटर घराच्या बाजूला सरकवला. आईचे पाऊल ३५ सेंटिमीटरचे होते. हे मी नंतर मोजले.

५. दोरा सरकवल्याचे मी कोणालाही सांगितले नाही.

६. ९ ऑक्टोबर, सकाळी ६.३५. आई एकटी गेली. नवव्या पावलाला अडकून पडली. डोके तळ्याच्या दगडी काठावर आपटले. चौथ्या दिवशी ती गेली.

७. रुग्णवाहिका यायच्या आत मी दोरा कापून खिशात घातला. स्ट्रेचर अडकले असते, हे खरे. नंतर त्याबद्दल बोलले नाही, हेही खरे.

८. मावशी आईला रोज सकाळी साडेसहाला हात धरून तळ्यापर्यंत नेत. त्या नात्याच्या नव्हेत, सोबतीला येणाऱ्या. त्या दिवशी त्यांना दहा मिनिटे उशीर झाला. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सगळा दोष त्यांना दिला आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नका म्हणाला. त्या वेळेवर असत्या तर दोघी पडल्या असत्या, कारण दोरा सरकल्याचे त्यांनाही माहीत नव्हते. दादा बोलला तेव्हा मी तिथेच उभी होते.

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, वजनकाटे व मापक यंत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. त्यातल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला आहे, तो २४ मार्च रोजी शस्त्रक्रियेने बंद करायचा आहे. शल्यविशारदांनी धोका सांगितला, बारांत एक, आणि पाठोपाठ घाबरू नका म्हणाले. आकडा उपयोगी पडला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. अर्धे दादाचे आहेच. माझा अर्धा हिस्साही त्यालाच देत आहे, एका अटीवर: मागचे दार, परस आणि तळे यांकडे जाण्या-येण्याचा हक्क मावशींना त्या हयात असेपर्यंत राहील. कुलूप बदलल्यास पहिली किल्ली त्यांच्या हाती द्यावी. दादा, तुला परस गाडी ठेवायला हवे होते. आईला तू दोनदा विचारलेस. ती म्हणाली होती, "गाडी रस्त्यावर राहू दे. तिला काही बगळा नेत नाही." माझे उत्तर तेच.

कलम २. अवजारे. माझा व्हर्नियर, पितळी वजनांची पेटी आणि बारीक पेचकसांचा संच प्रयोगशाळेला. तिथे एक पद्धत आहे. यंत्रात काहीही बदल केला की बदल-चिठ्ठी भरायची. तिच्यावर बदल करणाऱ्याची सही चालत नाही, यंत्र वापरणाऱ्याची लागते. नऊ वर्षांत माझी एकही चिठ्ठी राहिलेली नाही. केसाएवढ्या फरकासाठी मी माणसांना जेवणावरून उठवून सह्या घेतल्या आहेत.

त्या संध्याकाळी मी हात धुऊन आत आले आणि म्हणाले, "आई, एक सांगायचंय."

आई रेडिओपाशी होती. "थांब गं, बातम्या लागल्यात. जग शिल्लक आहे का बघू दे."

मग मला कामावरून फोन आला. पुन्हा सांगायला गेले नाही. यात रेडिओचा दोष नाही.

कलम ३. रेडिओ मामाला. गळाच्या दोऱ्याची रीळ त्याने दिली होती, तिचे काय झाले हे त्याला अजून माहीत नाही. जो कोणी सांगेल त्याने आधी एवढे सांगावे, की दोरा उत्तम होता.

कलम ४. बँकेतील शिल्लक मावशींना. त्या नको म्हणतील. तरी द्यावी.

कलम ५. कापलेला दोरा माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, लिफाफ्यात आहे. तो दादाला. ठेवावा किंवा जाळावा. मला तो टाकून द्यायचा हक्क नाही, म्हणून पाच महिने जपला.

कलम ६. माफी ही मागे ठेवून जायची वस्तू नाही, म्हणून ती वाटणीत धरलेली नाही. गेल्या रविवारी मी मावशींच्या घरी गेले. त्या शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होत्या. वर लिहिलेले आठही मुद्दे मी त्याच क्रमाने सांगितले. यंत्र चालूच होते.

"दोरा तुझ्या खिशातून लोंबत होता गं," त्या म्हणाल्या. "रुग्णवाहिकेत चढताना मीच आत खोचला."

हे मला माहीत नव्हते.

"मग दादा बोलला तेव्हा गप्प का राहिलात?"

"तुझं तोंड बघितलं. तिकडे आईचा श्वास मोजत होते, त्यात भावानं टाकलं असतं तर तू कुठं गेली असतीस? माझं काय. तीन सुना आहेत मला, बोलणी अंगवळणी पडलीत."

"आता या ना. मासे सहाच उरलेत."

"अकरा नेले मेल्यानं?"

"दोरा परत बांधवला नाही मला. जाळी आणलीय, पण लावायला हात जात नाही. मी रोज सकाळी उभी राहते तोवर तो येत नाही. कामावर गेले की येतो."

यंत्र थांबले. "ती जाडी मासोळी आहे?"

"जाडी आहे. तिरळा गेला."

मावशींनी अभ्रा मांडीवर घेऊन त्याची घडी केली. एक बाजू अजून शिवायची होती.

"मी यायची नाही," त्या म्हणाल्या. "ज्यानं येऊ नका म्हटलं, त्यानं या म्हणावं. तू बोलावून उपयोग नाही. तुझ्यावर माझा राग असता तर तुझ्या बोलावण्यानं आले असते."

मी निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुखतं का कुठं, विचारले. दुखत नाही म्हणून सांगितले. हे मोजण्याजोगे उत्तर नव्हते.

कलम ७. उरलेले सहा मासे मावशींना. त्यांच्या रक्षणासाठी पुढील व्यवस्था कायम राहावी.

तळ्यावर लोखंडी चौकट बसवून तीन सेंटिमीटर भोकांची जाळी ताणावी. ती पाण्यापासून हातभर वर असावी. लोंबली तर बगळा तिच्यावर उभा राहून जाळीतून चोच घालतो. तळाशी मातीचे रुंद नळ आडवे ठेवावेत, सावली पडली की मासे त्यांत शिरतात. शेजारच्या बोक्यावर संशय घेऊ नये. तो फक्त पाणी प्यायला येतो. प्लास्टिकचा बगळा आणू नये. आम्ही आणला होता. तिसऱ्या दिवशी खरा येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. आई खऱ्याला साहेब म्हणे. मी वर्णन केल्यावर म्हणाली, "चला, साहेबांना कारकून मिळाला." एवढी हसली, की तिला खोकला लागला.

काठापासून एक मीटरवर, कमरेच्या उंचीवर, जाड पांढरा दोर बांधावा, हाताला लागेल असा. न दिसणारे काहीही, कुठल्याही उंचीवर, या परसात लावू नये. जाळी, दोर किंवा खुंटी एक बोटभर जरी हलवली, तरी तळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे नेऊन त्याचा हात नव्या जागेवर ठेवावा. नुसते तोंडी सांगणे पुरेसे धरू नये. बातम्या चालू असतील तर बंद कराव्यात.

कलम ८. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक शेजारचे चष्मेवाले काका असतील. आईचे डोळे तपासून ते किती गेले आहेत हे त्यांनी मला वेळीच आणि स्पष्ट सांगितले होते. मी ते आकडे वहीत उतरवून घेतले होते. मावशींना यात वाटा असल्याने त्यांची साक्ष चालत नाही. त्यांना बोलावले नाही, याचे दुसरे कारण नाही.

हे सर्व मी लिहिले, मोठ्याने वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर प्रत्येक पानावर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले: चष्मेवाले काका (सही)
साक्षीदार दुसरे: प्रयोगशाळेतील माझे वरिष्ठ (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
तारीख: ११ मार्च

दादास प्रत:

दादा, ही प्रत मी गेल्यावर वाचायची नाही, आत्ता वाच. माझ्याशी बोलायचे की नाही ते सावकाश ठरव, मी त्यात काही म्हणणार नाही. २४ तारखेपासून तीन आठवडे घरात कोणी नसेल. जाळी जिन्याखाली आहे. मावशींचा नंबर तुझ्याकडे आहे. त्यांना तू स्वतः फोन करून "या" म्हण. केलास की नाही, एवढेच मला २२ मार्चपर्यंत कळव.