साठ किलोच्या स्की

११ ऑक्टोबर, शनिवार

शाळेच्या व्यायामशाळेत जुन्या स्कींच्या अदलाबदलीचा दिवस. आमच्या दुकानाचं टेबल दरवाजाजवळ, म्हणजे सगळा वारा आम्हाला. तोरमूदने (दुकान त्याचं, मतंही त्याचीच) मला चिठ्ठ्या बांधायला बसवलं. गावातली पोरं वर्षभरात वाढतात आणि प्रत्येक स्की एकेक पोर खाली सरकते. व्यवस्था चांगली आहे. माणसांची का लावत नाहीत कोण जाणे.

दुपारी गुरो आली. हातात वॉफल, वर तपकिरी चीज. गुरो म्हणजे क्लबच्या तेरा-चौदाच्या गटाची प्रशिक्षक. माझं तिच्यावर प्रेम आहे. ही बातमी ती सोडून सगळ्या गावाला माहीत आहे.

बरोबर भाऊ, आस्लाक. वय चौदा. उन्हाळ्यात अकरा सेंटिमीटर वाढलाय, सगळे वरच्या दिशेने. त्याला त्याच्या जुन्या स्कीवर उभं केलं तर स्कीची कमान जमिनीला टेकली, पोळीसारखी सपाट. तो उतरायच्या आत एका दहा वर्षांच्या मुलीने ती जोडी उचलून नेली.

"सिवर्त, याला आता मोठ्यांच्या लागतील," गुरो म्हणाली. "पुढच्या शनिवारी आणते. तू बघशील ना?"

मी म्हटलं, "बघू."

बघू! आठवडाभर दुसरं काही बघणार नाही.

१३ ऑक्टोबर

आईने पुन्हा विचारलं, त्रोंडहाइमच्या इंजिनियरिंग कॉलेजचं काय ठरलं. म्हटलं, ठरलंय म्हणूनच तर इथे आहे.

झालं होतं एवढंच – फेब्रुवारीत गणिताचा प्राध्यापक फळ्यासमोर सगळ्यांदेखत म्हणाला, उत्तर बरोबर आहे, पण असं करत नाहीत. मी उठलो आणि गाडीने घरी आलो. जाकीट वर्गात राहिलं. उणे बारा होतं. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे परत गेलो नाही.

तोरमूद मला 'इंजिनियर' म्हणतो. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आले. तिघं आले. तिसरा हालवोर.

हालवोर क्लबचा वॅक्सवाला, पोरांच्या स्कींच्या तळाला वॅक्स लावणारा. उंच. दात चांगले. त्याला कोणी बोलावलं होतं ते कळलं नाही. तो म्हणाला, "पोरगा वाढत्या अंगाचा आहे, जरा कडकच जोडी दे. वसंतापर्यंत भरेल तो."

इथे सगळे हेच करतात. बूट वाढत्या मापाचे, जाकीट वाढत्या मापाचं, स्कीपण वाढत्या मापाच्या. मी म्हटलं, "स्की म्हणजे सदरा नाही, बाह्या दुमडता येत नाहीत." आणि मग नीट समजावून सांगितलं. चढाचं वॅक्स लावतात ते कमानीखाली, मधोमध. घसरताना कमान उचललेली राहिली पाहिजे. चढताना एका पायावर सगळा भार टाकला की ती दबून वॅक्स बर्फाला लागलं पाहिजे, म्हणजे पकड मिळते. कडक स्की हलक्या पोराला दबत नाही. मग तो चढावर मागे मागे येतो. म्हणून स्की आजच्या वजनाला घ्यायची, वसंतातल्या नाही.

गुरो ऐकत होती. एकदा मान हलवली. हालवोर दात दाखवत होता.

तोरमूदचा नियम आहे, आधी काटा. काटा गल्ल्यामागे, मोज्यांच्या खोक्यांखाली. खोकी उपसत बसलो असतो तर हालवोरला वाटलं असतं, याला नजरेने कळत नाही. म्हणून सरळ विचारलं, "किती किलो?"

आस्लाकने हालवोरकडे बघितलं. "साठ."

साठच्या स्की काढल्या, एकशे नव्वद सेंटिमीटर, निळ्या. फळीवर ठेवल्या, तो वर चढला, मी गुडघ्यावर बसून स्कीखाली कागद सरकवला. दोन्ही पायांवर उभा – कागद मोकळा. एका पायावर – कागद गच्च. पुस्तकात असतं तसं. गुरोने फोटो काढला.

जाताना ती म्हणाली, "बरं झालं तू आहेस." आणि खांद्यावर हात ठेवला. डाव्या.

१९ ऑक्टोबर

तिने फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नाही. ही जागा तिने मुद्दाम मोकळी सोडली असेल का?

२ नोव्हेंबर

बर्फ नाही.

१५ नोव्हेंबर

आला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गटाचा पहिला सराव. मीही गेलो, श्रमदान म्हणून. थर्मास उचलणं हे श्रमदानच आहे.

पहिल्या चढावर अकरा पोरं वर गेली आणि आस्लाक खाली आला. तोंड वरच करून. पुन्हा गेला, पुन्हा आला. शेवटी पाय फाकवून बदकासारखा चढला.

"दाब पाय, आस्लाक," गुरो ओरडत होती. "मनापासून दाब."

तो दाबत होता. लांबूनही दिसत होतं. हालवोरने वॅक्सचा दुसरा थर लावला, मग तिसरा. तिसऱ्यानंतर तो उतारावरही जाईना.

मी काही बोललो नाही. वॅक्स माझं खातं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बोललो.

आस्लाक सहाव्यांदा मागे आला तेव्हा हालवोर म्हणाला, "पोराच्या पायात जोर नाही." त्याच्यासमोर. मी म्हटलं, "तुझ्या डब्यात अक्कल नाही." तो म्हणाला, "इंजिनियर, तू स्की विकतोस ना? विक." मी म्हटलं, निदान मी विकतो त्या स्की चालतात. तो म्हणाला, दिसतंय.

मग मी त्याची वॅक्सची पेटी उतारावर फेकली. उघडीच होती. छोटे गोल डबे किती लांब जातात याची मला कल्पना नव्हती. अख्खा गट चाळीस मिनिटं डबे शोधत होता. तीन सापडले नाहीत.

गुरो हळू आवाजात म्हणाली, "सिवर्त, घरी जा. माझ्या पोरांसमोर हे नाही."

ओरडली असती तर परवडलं असतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आस्लाक दुकानात आला, एकटाच. बुटांच्या बाकावर बसून दालचिनीचा पाव खाल्ला. सावकाश. मी स्कींच्या कडा घासत होतो.

"डबे सापडले का?" मी विचारलं.

"एक सापडला. कुत्र्याला." मग म्हणाला, "तू उगाच भांडलास. स्की चांगल्या आहेत. मीच चांगला नाहीये."

मी म्हटलं, वॅक्स.

"तेच वॅक्स तो सगळ्यांना लावतो. ते चढतात."

मी कडा आणखी जोरात घासल्या.

"नाताळनंतर मी येणार नाही," तो म्हणाला. "गुरोला सांगू नकोस. तिला वाटतं मी अंग चोरतो. मी सगळं लावतो रे. मग वाटतं, माझ्याकडे एवढंच असेल."

पिशवीत राहिलेला अर्धा पाव त्याने मला दिला. मी नको म्हटलं. त्याने ठेवला आणि गेला.

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी दुकानात कोणी नव्हतं, म्हणून फोटो बघत होतो. रोज बघतो. कोपऱ्यातल्या आरशात गुरोचा कोपर आणि थोडे केस आलेत. आजवर चाळीसएक वेळा बघितला असेल, आणि चाळीसही वेळा तो कोपर.

आज चुकून आस्लाककडे लक्ष गेलं.

पाठीवर दप्तर आहे.

तो निळ्या स्कींवर एका पायावर उभा आहे, मी पायाशी कागद धरून बसलोय, चेहऱ्यावर जगातली सगळी अक्कल, आणि पोराच्या पाठीवर शुक्रवारपासून न उपसलेलं, गच्च भरलेलं दप्तर आहे. वह्या, पुस्तकं, ओले बूट, डबा. आठ-नऊ किलो. कागद त्याच्या वजनाने अडकलाच नव्हता. भूगोलाने अडकला होता.

आणि साठ कुठून आले? चौदाचा पोरगा, स्कीच्या काठीएवढा रुंद. हालवोरसमोर तो आणखी काय सांगणार होता, पन्नास?

बसून राहिलो. एक बाई मुलाचे हातमोजे मागत होत्या, त्यांना गॉगल दिला.

२ डिसेंबर, मंगळवार

योजना. मागच्या खोलीत तशीच जोडी आहे, तोच रंग, तीच लांबी, मऊ कमान. बुधवारी सगळे कोको पीत असताना वॅक्सच्या खोपटात जायचं आणि जोड्या बदलायच्या. कुणाला कळायचं नाही. पोरगा चढेल. गुरो खूश.

दोष एकच. सगळे म्हणतील, हालवोरचं वॅक्स लागू पडलं.

तोरमूदने मला खोलीत जोडी काढताना पकडलं. सगळं सांगावं लागलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, कॉफी ओतली, मला दिली नाही.

"काटा का नाही काढलास?"

"खोकी होती वर."

"हं. आणि उद्या गुपचूप बदलल्यास, पोरगा चढला. बरं. मग गेले दोन आठवडे?"

"गेले की ते."

"तुझे गेले. तो काय समजेल? उद्यापासून आपल्या पायात जोर आला? आणि पुढे कधी घसरला की पुन्हा गेला?"

मी म्हटलं, सगळ्यांसमोर मी माती खाल्ली असं सांगू?

"इंजिनियर," तो म्हणाला, "मी तुला काही करायला सांगत नाहीये. मी कॉफी पितोय."

रागाने जेवलो नाही. मग त्याने ठेवलेला मासा खाल्ला.

३ डिसेंबर, बुधवार

काटा काखेत, फळी खांद्यावर, नवी जोडी हातात. क्लबपर्यंत चालत गेलो. दोन गाड्या थांबल्या, मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलावं लागलं असतं.

सगळे कोको पीत होते. गुरो उठली. "सिवर्त, मी तुला काय सांगितलं होतं –"

मी म्हटलं, पाच मिनिटं. आस्लाक, ये. बूट काढ. दप्तर काढ.

तो मोज्यांवर काट्यावर चढला. पन्नास पूर्णांक आठ. मी मोठ्याने वाचलं. मग निळ्या स्की फळीवर. एका पायावर. कागद सरकवला – आरपार, वाऱ्यासारखा. मग मऊ जोडी. कागद गच्च.

"स्की चुकीच्या आहेत," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. वजन केलं नाही, दप्तर बघितलं नाही. वॅक्स बरोबर होतं." शेवटचं वाक्य मी काट्याकडे बघून म्हटलं.

हालवोर म्हणाला, "माझे दोन डबे अजून बाकी आहेत." बस, एवढंच. मी त्याला यापेक्षा वाईट समजत होतो, हा आणखी एक त्रास.

गुरोने विचारलं, "दुकानात काटा नाहीये?"

"आहे."

"मग?"

"मी तुझ्याकडे बघत होतो."

असं बोलायचं ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर अकरा पोरांना बाहेर पाठवलं असतं. एकाने कोको नाकातून काढला. गुरो माझ्याकडे बघत राहिली, तिचा चेहरा वाचता आला नाही, आणि मी नेहमी तो वाचलाय असंच धरून चाललो होतो.

तेवढ्यात आस्लाक म्हणाला, "म्हणजे मी नव्हतो?"

तो अजून मऊ जोडीवरच उभा होता.

"म्हणजे मी दाबत होतो ते बरोबर होतं?"

मी म्हटलं, "बरोबर होतं. तुझ्या जागी मीही मागे आलो असतो."

गुरो त्याच्यापाशी गेली. त्याच्या टोपीवर हात ठेवला. मग तो तिचा हात बाजूला करून बूट घालायला लागला. चढावर गेला. पहिल्यांदा सवयीने पाय फाकवले, मग सरळ केले. वर गेला. वर पोचल्यावर मागे वळून खाली बघितलं, आपण अजून वरच आहोत ना याची खात्री करून घेत असल्यासारखं.

काटा घेऊन परत चालत आलो. येताना जड लागला.

४ डिसेंबर

तोरमूदने काटा दुकानाच्या दरवाजातच ठेवलाय. आत यायचं तर त्याच्यावरूनच यावं लागतं. मी एकाहत्तर.

१४ डिसेंबर

गुरो माझ्याशी बोलत नाही. हालवोरशीही फारसं बोलत नाही असं ऐकलं. तेवढाच आधार.

१८ जानेवारी, रविवार

जिल्ह्याची शर्यत. आस्लाक एकतीस पोरांत नववा. शेवटच्या चढावर चार जणांना मागे टाकलं. मी झाडाशेजारी उभा होतो आणि ओरडलो नाही, असं मला वाटत होतं, पण संध्याकाळी आवाज बसला होता.

गुरो शेजारून गेली. थांबली. "नववा," म्हणाली.

दीड महिन्यातला पहिला शब्द. आकडा असला तरी शब्दच.

२४ जानेवारी, शनिवार

आस्लाक आला. मऊ निळ्या स्की गल्ल्यावर ठेवल्या. "विकायला ठेव. मी सोडतोय."

म्हटलं, "अरे, नववा आलास."

"म्हणून तर. नाताळात सोडलं असतं तर जमत नाही म्हणून सोडलं असं झालं असतं. आता जमतं. आता मला नकोय." शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचाय त्याला. सराव बुधवारीच असतो.

मी स्कींना चिठ्ठी बांधायला घेतली. मला गणित नको होतं की जमत नव्हतं, हे मी वर्षभर स्वतःला विचारलेलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

शेवटी म्हटलं, "गुरोला सांगितलंस?"

"नाही. तू सांग," तो म्हणाला. "तुला आता सवय झालीये."