चाळीस तोळे, दोन गुंजा

सोमवार, १४ मे १९३४. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.
डॉक्टर फिरोजशांना खंडाळा स्टेशनवर गाडीत बसवून आत्ताच बंगल्यावर आलो. हात धुऊन दगड पुढ्यात घेतला आहे.
डोळ्यांच्या इलाजासाठी ते मुंबईला गेले. म्हणाले, ‘भिमाजी, भिंगाखाली माझे डोळे चालत नाहीत, आता तुझे चालव.’ जहाजावर डॉक्टर असताना दक्षिण ध्रुवाकडे, कोसन् कोस बर्फ, तिथे हा एकटाच पडलेला त्यांनी उचलला. म्हणजे आकाशातलाच, उल्केचा! मुठीएवढा, काळा, गुळगुळीत. मी ठरवायचे — नुसता दगडी, की आत लोखंडाचे कण असलेला. माझा निर्णय शुक्रवारी संध्याकाळी ते मुंबईत शास्त्रज्ञांच्या सभेत वाचणार. खाली माझे नाव छापणार! चौथी शिकलेल्याचे! इंग्रजी स्पेलिंग मीच लिहून दिले. तीनदा तपासले.

मंगळवार, १५.
लोणावळ्यात नथू सोनाराकडे तोलला. चाळीस तोळे, दोन गुंजा. ‘सोनं न्हाई, चांदी न्हाई, आन् जपतुयास लेकरागत!’ हसू दे.
परत येऊन धुतला, परसातल्या ओट्यावर वाळत ठेवला. तिथेच स्वयंपाकाच्या शालूमावशींचाही दगड होता — खारातल्या कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून बरणीत दाबायला. ‘मावशी, डावीकडचा माझा.’ ‘व्हय, व्हय.’

बुधवार, १६.
ओट्यावर एकच उरला होता, तो आणला. कोपरा सहाणेवर घासला. भिंगातून पांढरे ठिपके, हिरवट कण. चमक कुठेच नाही. लोखंड नाही! शंकाच नाही.
मावशी म्हणाल्या, ‘असलं इंद्रायणीत लय पडल्यात.’ त्यांना काय समजावणार!

गुरुवार, १७.
खात्रीसाठी पुन्हा तोलला. तेहतीस तोळे! सात तोळे काही सहाणेवर जात नाहीत. नथूशेट म्हणाले, ‘काटा त्योच हाय. दगडाला इचार, लेका.’ काटाच बिघडला असणार. चाळीसवर रेघ मारून तेहतीस लिहिले.
निर्णय: दगडी, लोखंड नाही. निर्णयाचा कागद दुपारच्या टपालात टाकला. अक्षर फार सुरेख आले.

शुक्रवार, १८. सकाळी नऊ.
मावशींनी हाक मारली. बरणीतला खार तांबूस! ताटलीवरच्या दगडावर गंजाचे ठिपके — मोजले, एकवीस.
‘मावशी, डावीकडचा माझा म्हटलं होतं ना!’
‘तू परसातनं बोललास, मी चुलीकडनं आले. तुजा डावा का माजा डावा? आन् माज्या कैऱ्या कोण भरून देनार?’
दगड धोतरात गुंडाळून लोणावळ्याला पळालो. चाळीस तोळे, दोन गुंजा. नथूशेटनी काटा पुसून पुन्हा तोलून दाखवला.

शुक्रवार, दुपारी बारा.
तार केली. ‘वाचू नका. दुसराच दगड तपासला. खऱ्यात लोखंड आहे. चूक माझी. भिमाजी कोंडाजी ठाकर.’
तारमास्तर म्हणाले, ‘शब्दामागे पैसे पडतात, पूर्ण नाव कशाला? गाळा की.’
नाही गाळले. स्पेलिंग मीच सांगितले.