पुसलेली चावी

२ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या हिरीमावशीचं कुंपण गेलं. सगळं नाही — रस्त्याकडचं. बाबांनी गाडी वळवली आणि काट्यांसकट चार खांब घेऊन थांबले. दहा मिनिटं आधी तिथेच मावशीची नात खेळत होती.

बाबांचं म्हणणं, कुंपणच रस्त्यात आलंय. मावशी म्हणाली, होय रे लाहू, रात्री उठून चालत आलं असेल! बाबा हसले. मला हसू आलं नाही.

डहाणूच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलंय — काचबिंदू. उजव्या बाजूचं दिसणं गेलं ते गेलं, परत यायचं नाही. गाडी बंद करा. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग चष्म्याचा नंबर काय?’

त्यांची चावी मागितली. म्हणाले, तुझी तुझ्याकडे आहे ना, दोन कशाला हव्यात? चावी असते त्यांच्या करगोट्याला. ट्रकवर पस्तीस वर्षं काढली, गुजरात सीमेवर अच्छाडच्या नाक्यावर दोन-दोन दिवस रांगेत झोपले. चावी चोरीला जाऊ नये म्हणून कमरेला. ट्रक गेला, सवय राहिली. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. आता बापाच्या करगोट्याला हात कोण घालणार?

तलासरीच्या ऑफिसात माझ्या जिभेला लोक टरकून असतात. साहेबांच्या आढावा बैठकीला मी त्यांच्यादेखत ‘अल्पोपाहार’ म्हणते. आणि घरी ‘बाबा, तुम्हाला दिसत नाही’ हे चार शब्द तोंडातून निघत नाहीत.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उठले तर गाडी दारात नाही. बाबा साडेसहाला परत आले, गंजाड नाक्यावर चहा पिऊन. मी गाडीला चारही बाजूंनी फेरी मारली. कुठे काही लागलेलं नाही. आज नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या चावीचं बटण चालेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तलासरी नाक्यावर दिपेशकडे गेले. चाव्या बनवतो. टपरी एवढीशी, पण आत चावी कापायचं मशीन आणि लॅपटॉप. सेल बदलता बदलता मी सहज म्हटलं, बाबांच्या चावीची बटणं पाण्याने कधीच मेली, पण गाडी सुरू होतेच की.

‘होणारच, वर्षाबेन. बटणं दरवाज्यासाठी. इंजिनचा हिशेब वेगळा.’

मग ऐकवलं. चावीच्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. आपण चावी घालतो तिथे, कुलपाभोवती, तारेचं कडं असतं. चिपला लागणारी ताकद त्यातूनच मिळते. गाडी चिपला एक आकडा विचारते, चिप उत्तर देते. उत्तर बरोबर तर डिझेल सोडायचं, चुकलं तर नाही. चावी दात-बीत जुळून पूर्ण फिरली तरी इंजिन दोन सेकंद हूं हूं करून गप्प. आमच्या ऑफिसात अर्जदार आत येतो, खुर्चीवरही बसतो, काम मात्र होत नाही — तसंच.

नवी चावी कशी करतात, तेही विचारलं. गप्पा म्हणून. कंपनीकडून गाडीचा कोड मागवायचा, लॅपटॉप जोडायचा, आधीच्या सगळ्या चाव्या गाडीच्या डोक्यातून पुसायच्या, मग समोर असतील तेवढ्या एकेक करून परत ओळखायला लावायच्या.

आणि जी समोर नसेल ती?

‘ती गेली. दार उघडेल. बाकी लोखंड.’

परत येताना महामार्गावर दोन वेळा चुकीचा गिअर टाकला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नाही. असं नाही करायचं. बोलायचं.

संध्याकाळी बोलायला बसले. भाकरी जरा जाड झालीय, एवढंच बोलले. ते म्हणाले, चालेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

केलं.

गाडी माझ्या नावावर. दिपेशने आरसी बघितली, आधार बघितलं, दोन्हींचे फोटो काढले. चोरच जास्त प्रेमाने बोलतात, म्हणाला, त्यामुळे तुमची काळजी नाही. दुसरी चावी आणली नाहीत का, असंही विचारलं. हरवलीय म्हटलं. किती सहज!

स्टेअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली. पडद्यावर आलं — ओळखीच्या चाव्या: दोन. एक बटण दाबलं — शून्य. मग माझी घातली — एक. एक नवी करून घेतली — पुन्हा दोन. वीस मिनिटं लागली असतील. बाबा त्या वेळी घरी खाटेवर पडले असतील, कमरेला लोखंड बांधून.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहाला आवाज. हूं-हूं, बंद. हूं-हूं, बंद. मी आत पांघरुणात मोजत होते. अकरा वेळा.

बाहेर आले तोवर बॉनेट उघडलेलं. बॅटरी पाहिली, डिझेलचा पाइप पाहिला, फिल्टर काढून फुंकर मारली. समोर लाल चावीचं चित्र लुकलुकत होतं, त्यावर म्हणाले, हे एक कायम काहीतरी दाखवत असतं. त्यांच्या ट्रकला असलं काही नव्हतं. चावी हरवली तर पेचकसाने सुरू व्हायचा.

मी म्हटलं, बॅटरी असेल. खोटं बोलायला मला कधी तयारी लागत नाही. लागते ती खरं बोलायला.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला तर जायचं होतं. बाबा मुद्दाम ओट्यावर उभे. मी बसले, चावी फिरवली. एका झटक्यात सुरू. मान वर केली नाही.

संध्याकाळी आले तर खाटेच्या कडेला बसून डावा पाय दाबत होते — क्लच. उजवा हात पुढे करून हवेत चावी फिरवली, मग डाव्या हाताने गिअर. पुन्हा पहिल्यापासून. मला पाहून गुडघा चोळायला लागले.

‘तुझ्या हातात होते चालू, माना होत नाय,’ म्हणाले. ‘माझंच कायतरी चुकते.’

डोळे अधू झालेत हे त्यांना कळावं म्हणून मी त्यांचे हात अधू करून ठेवले. शाबास, वर्षाबाई!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना ते माझ्याकडे बघतात. मी भाताकडे बघते. आज डोळ्याचा विषय त्यांनीच काढला — थेंब संपलेत, आणशील काय. दार अर्धं उघडून दिलं होतं. मी म्हटलं, आणते. आणि उठले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहून काढल्याशिवाय सुटका नाही.

सकाळी नविनकाका आले, डहाणूचे जुने गॅरेजवाले, बाबांचे ट्रकपासूनचे दोस्त. बाबांनीच बोलावलेलं. माझ्या चावीवर संशय नको म्हणून, आज माझ्याकडूनही सुरू होत नाही, असं मी ठोकून दिलं. काकांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, काढलं, जाहीर केलं की आजकालच्या गाड्या म्हणजे मोबाईल. बाबा म्हणाले, धक्का मारून बघू.

गाडी शाळेच्या मैदानावर न्यायची ठरली. हिरीमावशी आली, भिकी आली, भिकीचा नवरा आला, रविवार असल्यामुळे निम्मा पाडा आला. बाबा स्टेअरिंगवर. त्यांनी काचेतून मान काढून प्रत्येकाची जागा ठरवून दिली. मला म्हणाले, ‘वर्षे, तू उजव्या बाजूनं. जोर लाव, नुसता हात नको ठेवू.’

लावला! कुर्त्याच्या खिशात माझी चावी, प्रत्येक पावलाला मांडीला टोचतेय, आणि मी तीच गाडी ढकलतेय. पहिली फेरी — हूं, बंद. दुसरी — हूं, बंद. भिकी म्हणाली, नजर लागली गाडीला. हिरीमावशी धापा टाकत म्हणाली, नजर लागली नाय गो, नजर गेली, आणि गाडीत कोण बसलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळा पाडा हसला. म्हणजे बोलता येतं तर! मावशीने चारचौघांत म्हटलं, कुणाचं आभाळ कोसळलं नाही.

बाबा आत बसून म्हणाले, अजून एकदा.

तिसऱ्या फेरीला माझी चप्पल तुटली. मैदानाला कधी नव्हता एवढा चढ आला होता. नविनकाकांनी हात जोडले. बाबा सावकाश उतरले, दार लावलं, चावी करगोट्याला बांधली आणि पाय मोकळे करायला आलेल्या माणसासारखे निवांत घरी निघून गेले. मी अनवाणी. गाडी मैदानात. आता सगळ्यांदेखत ती सुरू करून घरी कशी न्यायची? अंधार पडेपर्यंत थांबले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. उद्या दिपेशला विचारते, चावी परत ओळखायला लावता येईल का. ती चालू करून त्यांच्या हातात देते आणि मग समोर बसून ते चार शब्द बोलते. चावी चालू असताना त्यांनी स्वतः खाली ठेवली तर ठेवली. नाही ठेवली तर मी चाकासमोर आडवी पडेन, पण त्यांना दिसेल अशी, डाव्या बाजूला.



१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिपेश म्हणाला, काका तर गेल्या मंगळवारीच येऊन गेले, ढकलाढकलीच्या पाच दिवस आधी. वडापच्या जीपने आले होते, करगोट्याची चावी सोडून काउंटरवर ठेवली, सगळं विचारून घेतलं. ‘मी म्हटलं, काका, परत चालू करून देतो, गाडी आणा. तर म्हणाले, नको. माना दिसत नाय ते माना ठाऊक आहे. पण पोरीनं तोंडावर सांगायला पायजे होतं. तिला बोलू नको काय. थोडी ढकलू दे.’