पुलीवरची शेंदराची रेघ

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. यंदाचा दसरा होऊन गेला, धानाची मळणीही आटोपत आली, आणि मी तुमच्या लोखंडी स्टुलावर बसले की मान वर करत नाही. समोरच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे म्हणून. गॅरेज चालतंय. तुमसरच्या बाजारात धान आणणाऱ्या गाड्या अजून आपल्याच दारात उभ्या राहतात, आणि तुमची पोरगी इंजिनात हात घालते याचं आता कुणाला नवल वाटत नाही.

तुमची दसऱ्याची रेघही चालू आहे. बॉनेट उघडायचं, इंजिनाच्या पुढच्या पुलीवर मधल्या बुंध्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत तेलात कालवलेल्या शेंदराची सरळ रेघ ओढायची, मग नारळ फोडायचा. गिऱ्हाइकांना ती नुसती पूजा वाटायची. तुम्ही मात्र नवी रेघ ओढण्याआधी गेल्या वर्षीची नीट पाहायचात. बुंधा आणि कडं यांच्या मधलं रबर सुटू लागलं की कडं सरकतं आणि रेघ मध्येच तुटून दोन तुकडे इकडेतिकडे होतात. मग तुम्ही इंजिन सुरू करायचात, बाजूला उभे राहून एक डोळा मिटायचात, पुली लटपटते का ते पाहायचात. एकदा मी घाईघाईनं चिंधी फिरवली तर तुम्ही माझं मनगटच धरलं. "पुसाच्या पहिले पाहाचं, बाई. रेघ देवासाठी नाई, आपल्यासाठी हाये." चारचौघांत बोललात म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते.

यंदा दसऱ्याला दारात रांग लागली. सिहोऱ्याचे पिकअपवाले काका आले, तुमचं जुनं गिऱ्हाईक. शेजारी त्यांची नवी सून, तिला बाजारात बांगड्या घ्यायच्या होत्या. काका म्हणाले, "बेल्ट चिरचिर करून राहिला, पोरी." गर्दीत मी जुनी रेघ पाहिलीच नाही. ती पुसली, नवी ओढली, बेल्ट बदलला, आणि चिरचिर थांबली तशी स्वतःवर खूशही झाले.

भर मळणीत त्यांची गाडी ट्रॅक्टरमागे बांधून, टोचन करून आली. पुलीचं कडं निखळून रेडिएटरमध्ये घुसलं होतं, पाणी फिरायचं थांबून इंजिन तापून जाम झालं होतं. मी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले, "तुह्या बाबानं रेघ मारली तवा गाडी कदी रस्त्यात थांबली नाई. यंदा पूजाच बाटली. सुनेची पाळी होती, तरी गाडीत बसून आली. मले मंग समजलं."

"असं नसते, काका."

"मंग कायच्यानं झालं?"

"जुनी गाडी हाये," मी म्हणाले, "होते असं."

एवढंच बोलले. बाबा, मला स्वतःची शरम वाटते. तसल्या दिवसांतही तुम्ही मला कधी शेंदराच्या वाटीपासून दूर ठेवलं नाहीत. आई कुरकुरायची तर म्हणायचात, "मशीनले काय समजते?" आणि त्याच वाटीची मालकीण झालेली मी, दुसऱ्या एका पोरीच्या माथी माझं पाप जाताना गप्प राहिले.

काल काका दुरुस्त झालेली गाडी न्यायला आले. सून सोबत होती, पण ती फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी तिला आत बोलावलं. तिनं गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नोको ताई, मी बसनं जातो." काकांनी नव्या पुलीवर पुन्हा रेघ ओढून घेतली, दोनदा नमस्कार केला आणि गाडी घेऊन गेले. ती पदर सावरत स्टँडकडे चालू लागली. मी दोघांनाही जाऊ दिलं.

हे तुम्हाला लिहून उपयोग नाही, तुमच्यापर्यंत ते पोचायचंही नाही. हे सिहोऱ्याला जाऊन, काकांच्या अंगणात, सुनेसमोर बोलायला हवं. पण त्याआधी वरचं एक वाक्य दुरुस्त करते. गर्दीत जुनी रेघ पाहिलीच नाही, असं मी लिहिलंय. मी पाहिली होती, बाबा. चांगली बोटभर सरकली होती. पुली काढत बसले असते तर रांग खोळंबली असती, म्हणून पुसून टाकली.